दुसरा गिअर

बॉनेट उघडायच्या आधीच ग्लेनिसनं
गुडघ्यावर बसून दाराखालचा पत्रा टोचला.
स्क्रू-ड्रायव्हर आत गेला,
शिळ्या खारीत बोट जावं तसा.
"मीठ," म्हणाली.
समुद्राचं की रस्त्यावरचं,
ग्रिम्सबीत विचारायचं नसतं.

टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?
मी मालकाकडे पाहिलं,
मालकानं आभाळाकडे.

घेतलीच तरी.
थंडीत दुसरा गिअर करकरतो,
म्हणून पहिल्यावरून थेट तिसऱ्यात.
मृणाल डाव्या हातानं काच वर धरून बसते.
वळणावर सनरूफ ओततं मानेत गार पाणी,
नेमकं माझ्याच.

पण परवा, लाऊथच्या चढावर
काटा चार हजारांपलीकडे गेला
आणि एकोणीस वर्षांची ती लाल गाडी
अशी काही खिंकाळली, की
मृणालनं काच सोडून दिली.