एम नसलेला बोर्ड

हडर्सफील्डच्या जुन्या लोकर-गिरणीचा तळमजला.
जिथे पिंजण चालायचं तिथे आता आम्ही
कॉम्प्युटरांची पोटं उघडून बसतो.

मिसेस हेपवर्थ शुक्रवारी आल्या,
बाजाराच्या ढकलगाडीत खोका घालून.
"नवऱ्याचा आहे. चालायला हवा. हाच."
त्यात त्याचे कापडाचे नमुने, चाळीस वर्षांचे,
आणि ते उघडणारा प्रोग्रॅम असा हट्टी
की प्रिंटरच्या जुन्या पोर्टात
एक करडी किल्ली खोचल्याशिवाय तोंड उघडत नाही.

बोर्ड मेला होता. कपॅसिटर पुरीसारखे टम्म.

त्यावर नाव होतं व्ही ४७० एम.
मला मिळाला व्ही ४७०. लीड्सहून, तेवीस पौंडांना.
एमचं एवढं काय, म्हटलं,
शाळेत वेलांटी चुकली तर अर्धा गुण जायचा,
तेवढंच.

पण ह्या गावात तरी मला कळायला हवं होतं:
सूत लिहिताना उकार आखूड पडला
की धाग्याचा मुलगा होतो.

दोन्ही बोर्ड दिव्याखाली शेजारी ठेवले.
तोच हिरवा रंग, तीच चिप, स्क्रूची भोकं जागच्या जागी,
कोपऱ्यात बारीक पांढऱ्या आकड्यांत
रिव्हिजनसुद्धा तीच, १.०२.
फक्त डाव्या काठाला,
जुन्यावर जिथे पिनांची दुहेरी रांग,
तिथे नव्यावर नुसती भोकं. पंचवीस. कथलाने बुजलेली.
शेजारी छापलेलं मात्र तसंच: एलपीटी.
दारावर पाटी लागली, बिऱ्हाड आलंच नाही.

"परत पाठव," कॉलिन म्हणाला.
"पिनांचे पैसे वाचवले असतील,
नाहीतर आतली वाटच तोडली असेल. सांगणार कोण?
कॅटलॉगात दोघांना एकच फोटो."

रविवारी दुकानात मी एकटीच.
एकेक भोक मोकळं केलं,
मेलेल्याच्या पिना उपसून नव्यात रोवल्या.
राळेचा धूर डोळ्यांत. दोन बोटं भाजली.
बायोस उघडलं तर ती ओळ तिथे होतीच,
बंद म्हणून पडलेली.
चालू केली.

मंगळवारी किल्ली त्यांनीच खोचली.
पडदा काळा. बराच वेळ काळा.
कॉलिन चहा करायला निघून गेला.
मग हेरिंगबोन उमटलं,
राखाडीत दर सोळाव्या ओळीला
गंजाच्या रंगाचा एक धागा.
"हा त्याचा चुकलेला," त्या म्हणाल्या.
"गिरणीने नाकारला.
माझा कोट ह्याचाच आहे."

बिलावर मॉडेल लिहायचं होतं.
नुसतं व्ही ४७० लिहिलं तर खोटं,
एम जोडला तर तेही.
शेवटी मार्कर घेऊन बोर्डावरच लिहिलं, पिनांच्या खाली:
म.
कॉलिनला वाटलं, माझी सही.