कुणाचे सात

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
माझं टेबल, एक पंखा, भिंतीला विमानांची वेळापत्रकं.
शनिवारी चारच्या सुमाराला जिना वाजतो :
आधी काठी, मग दम, मग टिपणीस.

टिपणीस रेल्वेत नकाशे गिरवायचे.
अजून खिशात कर्कटक असतं, टोकाला रबराची टोपी.
तिकीट कधी काढत नाहीत. विचारतात,
"सिंगापूरहून जकार्ता किती?"
आठशे नव्वदच्या आसपास, काका.
"माझ्या ॲटलसात दोन बोटं आणि एक नख.
म्हणजे इथून नागपूर, वर थोडी संत्री."
ते हसत नाहीत. मीच हसते.

मोठा सिंगापूरला, जहाजांच्या हिशेबात.
धाकटा जकार्त्याला, गिरणीत कापडाचे रंग मिसळतो.
मधे समुद्र, विषुववृत्त,
आणि तीन वर्षं न लावलेला फोन.

"वेळ?"
पावणेदोन तास. पण आठला निघालं
तर तिथे उतरायचं पावणेनऊला.
त्यांचं घड्याळ तासभर मागे.
"आणि उलट?"
आठला निघून पावणेअकरा.
लिहून घेतात, दर वेळी नव्या कागदावर,
भाव ठाऊक असूनही
खंडेराव मार्केटात कुणी पुन्हा विचारावा तसे.

आज कर्कटक टेबलावर उघडं ठेवलं
आणि एका दमात बोलले.
ती सयाजीत होती, खाट अकरा.
प्रफुल्लने देवूला लिहिलं : सातला लाव, सगळे एकदम बोलू.
कुणाचे सात, ते लिहिलं नाही.
प्रफुल्लचे सात वाजले तेव्हा इथे साडेचार.
ती बोलली त्याच्याशी. कुकरची शिट्टी बिघडलीय, म्हणाली.
मग म्हणाली, देवू कुठाय?
देवूचे सात वाजले तेव्हा इथे साडेपाच.
पाच दहाला नर्सने पडदा ओढला होता.

देवू म्हणतो, तू मुद्दाम.
प्रफुल्ल काहीच म्हणत नाही,
आणि देवूला तेच झोंबतं.

"कोपऱ्यात प्रमाण लिहिल्याशिवाय
मी एकही नकाशा टेबलावरून सोडला नाही, पोरी.
पोरांना शिकवायचं राहिलं."

मी पंखा कमी केला. कागद उडत होते.

"मोठा तिकडे गेला, तर तो तास
परत मिळतो ना?"

घड्याळात मिळतो, असं म्हणणार होते.
म्हटलं नाही. सीट शोधली.
खिडकीची होती, पंखाच्या मागे.
प्रवाशाचं नाव? टिपणीस प्रफुल्ल.
पासपोर्ट?
त्यांनी पाकिटातून झेरॉक्स काढली,
घडीवर फाटलेली, मुदत कधीच संपलेली,
फोटोत विशीतला मुलगा, मिशी नुकती आलेली.
नवा नंबर त्यांनाच विचारावा लागेल, काका.
"विचारतो."
फोन काढला. काच सदऱ्याला पुसली.
परत ठेवला.

जिन्यात आता सगळं उलट :
आधी टिपणीस, मग दम,
काठी सगळ्यात शेवटी, बराच वेळ.

कर्कटक इथेच राहिलंय.
दोन टोकं उघडी, मधे माझा चहाचा कप.

तिकीट होल्डवर आहे.
मुदत : उद्या रात्री आठपर्यंत.
कुणाचे आठ,
स्क्रीनवर लिहिलेलं नाही.