नेहमीचं

महिन्याच्या सात-आठ तारखेला
सरयूबाई मुंगी जनकगंजातल्या माझ्या दुकानात येतात,
थेट किऑस्कवरून. नोटा अजून मुठीत:
पाचशेची एक, शंभराची एक.
"सहाशेचं द्या," म्हणतात. "नेहमीचं."

यादी माझ्याकडे आहे, खिळ्याला टांगलेली.
तीनशेचे सहाशे झाले त्या महिन्यात
बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून लिहिली होती:
तूरडाळ दोन किलो, मूग एक, तेल दीड लिटर,
साखर दोन, चहापत्ती पाव,
साबण, हिंगाची डबी.
वर चार रुपये उरले, त्याच्या नातीला गोळ्या.
तेव्हा त्यांची पिशवी फरशीवर
आपल्या पायांवर उभी राहिली होती.

मग डाळ चढली.
आधी मी हिंग खोडला. हिंगाविना वरण होतं.
मग तेल दीडचं एक केलं, मग पाऊण.
मूग कधी गेले आठवत नाही,
पुठ्ठ्यावर रेघ आहे म्हणजे मीच मारली असणार.
साखर त्यांनी आपण होऊन सोडली.
"शुगर निघाली का?" मी विचारलं.
"शुगर कुठली! गोडाचं मन नाही आता."
आडनाव मुंगी, आणि साखर सोडली,
नोकर पोरगा फिस्सकन हसला.
मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

भाव मी वाढवत नाही.
ते दालबाजारातून वाढूनच येतात,
हातगाडीवर, पोत्यांच्या आधी.
पेन्शन वाढणार, वाढणार, हेही दरवर्षी ऐकतो,
पण ते पोतं काही
माझ्या दारात उतरलेलं नाही.

या जानेवारीत, धुकं एवढं
की समोरचा गजकवाला दिसत नव्हता,
नुसता कुटण्याचा आवाज येत होता,
बाई काउंटरपाशी थांबल्या, खिळ्याकडे बघून म्हणाल्या,
"तो पुठ्ठा द्या. अर्जाला जोडते."
मला घाम फुटला.
सगळ्या काटी माझ्या अक्षरात.

चार दिवसांनी परत आणला.
"अम्मा, यह क्या है? यह कोई प्रमाणपत्र है?"
असं म्हणाला म्हणे खिडकीवरचा.
पण अर्जाच्या गठ्ठ्यात पुठ्ठाही गेला होता,
आणि हात चालू होता त्याचा,
म्हणून शिक्का बसला: आवक, तारीख,
बरोबर "हिंग"वर, तिरपा, जांभळा.

मी तो परत खिळ्याला लावला.
आता यादी सरकारदफ्तरी पोचलेली आहे.

आज सात तारीख.
पाचशेची एक, शंभराची एक.
"नेहमीचं," म्हणाल्या.
मी लाल पेन उचललं, पुठ्ठा वाचला वरून खाली,
पेन कानावर ठेवलं.
डाळ तोलली. काट्याचे हिरवे आकडे थरथरून थांबले.
पिशवी भरून खाली ठेवली तशी कलंडली.
त्या वाकून गाठ मारेपर्यंत
काउंटरखालून पाय पुढे करून
मी तिला टेकू दिला.
त्यांना दिसला असेल माझा पाय.
बोलल्या नाहीत.