रुमालाखाली

ब्याण्णव, म्हणाले मगदूम सर.
लाख हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही,
जणू ब्याण्णव हे कुणाचं तरी वय आहे
आणि वयात कुणी घासाघीस करत नसतं.

आम्ही चहा प्यालो.
रमणमळ्याच्या उतरणीला अकराशे फुटांचा प्लॉट,
वर एक खोली, मागं शेवगा,
भिंतींना नवा रंग, फिकट पिस्ता.
पूर्ण भिंतींना नाही,
जमिनीपासून माझ्या छातीपर्यंतच.
त्याच्या वर तोच पिस्ता, पण थकलेला.
मी विचारलं नाही. इंद्रजितनंही नाही.
पाणी कुठवर आलेलं, हे आमच्या गावात
पहिल्या भेटीत विचारत नाहीत.
भिंतीकडं बघायचं आणि बशी खाली ठेवायची.

परतताना गाडीवर तो म्हणाला,
"साठ बोलूया. डायरेक्ट साठ."
"साठ बोललो तर चहाचे पैसे मागतील."
"मग पासष्ट."
"पासष्ट म्हणजे साठच, जरा लाजत."

आमच्याकडं चौऱ्याहत्तर आहेत.
म्हणजे नाहीत, होतील:
माझा पीएफ, त्याच्या आईच्या पाटल्या,
बँकेतल्या मॅडमचा अर्धा होकार.

मी दिवसभर दूध तपासते.
फॅट किती, डिग्री किती, यंत्र सांगतं, दर ठरतो.
गवळी भांडलाच तर यंत्राशी भांडतो.
घराला कुठलं यंत्र लावू?
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
ओल्या सिमेंटात उमटलेलं मांजराचं पाऊल आहे,
सर चढताना ती पायरी गाळतात,
गुडघे दुखत असूनही.
त्याचे किती धरलेत ब्याण्णवात?
आणि पाण्याचे किती वजा केलेत?

माझे आण्णा गुळाच्या पेठेत तोलाईदार.
एकदा शाहूपुरीत त्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा बघितलं:
दोन माणसं, मध्ये मळका रुमाल,
रुमालाखाली हात.
एकानं बोटं दाबली.
दुसऱ्याचा चेहरा हलला नाही.
पुन्हा दाबली. ढेपांवरच्या माशा
उठल्या, बसल्या.
पडेल आकडा हवेत आलाच नाही,
म्हणून कुणी कुणाचा अपमान केला नाही.
"कमी मागण्यात पाप न्हाई," आण्णा म्हणायचे,
"चारचौघांत मागण्यात हाय."

पुढं कळलं, त्याच रुमालाखाली
किती जणांचा गूळ मातीमोल गेला ते.
बोटं कुणाची पिरगाळली, बाहेर दिसत नाही.
आण्णांना हे माहीत होतं का,
विचारायचं राहून गेलं.

रात्री कुकर गार होईपर्यंत
मोठ्यानं म्हणून बघितलं:
सर, आमची ऐपत... नको.
सर, पाण्याचं बघता... अजिबात नको.
सर, अडुसष्ट.
फ्रिजनं हरकत घेतली नाही.
इंद्रजित आतून म्हणाला, "सत्तर म्हण."
मग थोड्या वेळानं, झोपेत असल्यासारखा,
"नाहीतर घरच नको."

रविवारी एकटीच गेले.
सर शेवग्याच्या शेंगा काढत होते, काठीला आकडा बांधून.
मी म्हटलं, "सर, पाणी कुठवर आलेलं?"
त्यांनी भिंत दाखवली नाही.
काठी टेकवली, स्वतःच्या छातीवर
आडवा हात ठेवला,
बसस्टॉपवर उंची दाखवावी तसा.
"बोला," म्हणाले, "किती?"

पर्समध्ये रुमाल होता.
काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.
"अडुसष्ट."
उघड्यावर, शेजारच्या बाई
गॅलरीत कपडे वाळत घालत असताना.

सर चिडले नाहीत, हसलेही नाहीत.
चार शेंगा माझ्या हातात दिल्या
आणि आत वळत म्हणाले, "चहा टाकतो."

मी पायरीवर बसले, मांजराच्या वरच्या,
मांडीवर शेंगा घेऊन.
आतून भांड्याचा आवाज येत होता.
आता हा चहा म्हणजे किती,
हे कुठल्या बोटावर मोजायचं?