सूतभर

हलग्याच्या माळावर जिना बसवताना
इंजिनिअरनं नकाशा सिमेंटच्या पोत्यांवर पसरला,
वाऱ्याला चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले
आणि म्हणाला, लोकांचं राज्य आहे,
म्हणून जिना रुंद.
म्हणून घुमट लांबच्या गावातनं दिसेल एवढा.
म्हणून खांब ताठ, कुणापुढं न वाकणारे.

भरमाण्णा मेस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, पायरी किती इंच?
सहा.
सहा बरी. कमरेवर पोर घेतलेली बाई
न थांबता चढते सहावर.
बाकी खांबाबिंबाचं तुम्ही बघा.

मी तेव्हा एकोणीसचा, बस्तवाडहून सायकलनं येणारा.
खालनं अकरावी पायरी मी एकट्यानं बसवली.
दोरी ताणली, पाणसळ धरली,
तरी सूतभर वर राहिली.
डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतं.
उखडू काय, म्हणून विचारलं.
भरमाण्णानं तंबाखू दाढेखाली सारली.
"ऱ्हाऊ दे.
वर जाणाऱ्यानं एकदा तरी खाली बघावं."

पुढं कळलं, वर जाणारे जिन्यानं जातच नाहीत.
मोटारी बगलेनं पोर्चात लागतात, तिथनं लिफ्ट.
वर्षातनं दहा-बारा दिवस दिवे,
बाकी नुसतं ऊन,
जिन्यावर एक वॉचमन आणि त्याची सावली.
संध्याकाळी सावलीची ड्युटी आधी संपते.

यंदा डिसेंबरात आम्ही रस्त्याकडेच्या तंबूत.
बांधकाम कामगारांची अडकलेली पेन्शन,
एकशे चाळीस नावं.
अर्ज कन्नडात, नावं ज्याच्या त्याच्या आईनं ठेवलेली:
कल्लाप्पा, मशाक, इनास, यल्लूबाई.
सगळ्यात वर भरमाण्णा,
त्याचे गुडघे आता उंबऱ्यालाही कुरकुरतात.

चौघांना आत सोडलं. पायथ्यापर्यंत.
त्याच्या वर नाही.

अर्ज घ्यायला एक साहेब उतरू लागला,
फायली छातीशी, नजर मोबाइलात.
मी मोजत होतो, मनात नाही, ओठांत.
चौदा.
तेरा.
बारा.

फायली उडाल्या.
पेन टप टप करत आमच्यापर्यंत आलं.
साहेब तिथंच बसला, घोटा धरून,
पायरीकडं बघत.

मी पेन उचललं आणि चढलो.
पोलिसानं हाक मारली,
पण साहेबाचं पेन माझ्या हातात,
त्यालाही काय करावं सुचेना.
लागलं काय, तोंडातनं आधी मराठीच आलं,
मग कन्नडात विचारलं.
"नाही लागलं," तो म्हणाला, मराठीतच,
"पण ही पायरी कुणाची रे?"

माझी, म्हटलं,
आणि पेन दिलं.

खाली भरमाण्णा बोटांवर पायऱ्या मोजत होता.
दहा बोटं संपली, तसा हसला.