दहा लाखांत शंभर

मातोझिन्योसच्या छापखान्यात
झुल्मिरा एकतीस वर्षं पिवळा कालवतेय.
सार्डिनच्या डब्यांवर गुंडाळायच्या कागदाचा पिवळा,
शिशाचा, क्रोमचा,
उन्हात धरला तर डोळे दिपवणारा.

सोमवारी कायद्याचं पान आलं.
शिसं, कॅडमियम, पारा, षट्संयुजी क्रोमियम
(इथे फोरमन दोनदा अडखळला),
चौघे मिळून दहा लाखांत शंभर भाग.
त्यावर कणभर नाही.
तो वाचत होता, ती हात पुसत होती.
नखांतला काही निघत नव्हता.

नवा रंग तिनं बोटावर घेतला.
"हा कसला पिवळा?
कावीळ उतरलेला माणूस नुसता!"

जुने पिंप न्यायला माणसं आली
कोपरापर्यंत हातमोजे घालून.
ते मोजे ती बघत राहिली.

दुपारी पाव मोडताना म्हणाली,
लहानपणी आम्ही कागद चाटायचो,
तेल झिरपलेलं असायचं ना.
धाकटा आर्लिंदो तर
कोपरासुद्धा सोडायचा नाही.

आर्लिंदोचं पुढे काय, कुणी विचारलं नाही.

ती उठली.
नव्या पिवळ्यात चमचाभर नारिंगी घातलं,
ढवळलं, खिडकीशी धरलं.
अजून थोडं.