बर्फाच्या पावतीमागे

बर्फ कारखान्याच्या पावतीमागे
यादी लिहिली पेन्सिलीने,
पेनाने नाही, कारण हे आकडे रोज हलतात
बांगड्याच्या भावासारखे.

छत्तीस हजार दोनशे.
दोन हंगाम लाद्या ओढल्या हर्णैच्या बंदरात.
खांद्यावर गोणपाट, गोणपाटातून पाणी,
पाण्यातून थंडी. ती अजून उजव्या हाडात आहे.
एका लादीचे चार रुपये,
म्हणजे प्रोसेसर एकवीसशे लाद्यांचा,
मदरबोर्ड साडेपंधराशे,
एसएसडी सव्वासातशे,
रॅम आठशे लाद्यांची, एकच पट्टी,
दुसरी खाच पुढच्या हंगामासाठी मोकळी.

ग्राफिक्स कार्ड नवं घ्यायचं
तर बोटीत वाटा हवा.
म्हणून साखरतरच्या नवीदकडचं जुनं, अकरा हजारांना.
"लग्नांचे व्हिडिओ जोडले फक्त," तो म्हणाला,
"दुसरं काही केलं नाही याच्यावर."
मी त्याच्या पंख्याला नाक लावलं,
आई कल्ला उघडून मासा बघते तसं.
धूळ होती. खार नव्हता.
घेतलं.

उरले पंचेचाळीसशे.
तीन हजारांत कॅबिनेट, एक बाजू काचेची,
आत सात रंगांत फिरणारे तीन पंखे.
पंधराशेत पॉवर सप्लाय,
कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, खोक्यावर वाघ.
बेरीज जुळली, रुपया इकडे नाही की तिकडे नाही.
दोन रात्री तो सातरंगी उजेड
पत्र्याखालच्या आमच्या भिंतीवर बघत झोपलो.

याकूब मिस्त्री बोटींची इंजिनं बघतो.
कम्प्युटर त्याने बँकेत पाहिलाय, काउंटरच्या अलीकडून.
पावती उलटीसुलटी केली, विचारलं,
"यातला करंट कोण देतो सगळ्यांना?"
मी वाघावर बोट ठेवलं.
"आणि स्वस्तातला तोच?"
मग नळीला तोंड लावून डिझेल ओढलं, थुंकला,
ग्रीसच्या अंगठ्याने पंधराशे पुसून टाकले.
"दिवसातनं किती वेळा लाईट जाते ती मोज."
मोजली. मंगळवारी अकरा.

चांगला त्रेचाळीसशेचा.
वरचे अठ्ठावीसशे कुठून आणू?
हर्षालीताई म्हणाली, मी देते.
तिच्या बोटांची साल काजूच्या चिकाने गेलीय.
नको म्हटलं, जरा जोरातच.
प्रोसेसर एक पायरी खाली आणू? रॅम अर्धी?
पावतीला भोक पडलं खोडून खोडून.

लिलाव संपला तेव्हा पुळणीवर
उपड्या निळ्या क्रेटवर बसलो होतो.
चारी बाजूंना जाळी, वारा आरपार.
बसल्या बसल्या ढुंगणालाच कळलं आधी,
डोक्याला नंतर.
या बंदरात लोखंडाचा डबा नाही
जो खाऱ्या वाऱ्याने तीन वर्षांत खाल्ला नाही,
आणि मी तीन हजार मोजून पत्रा आणणार होतो!

क्रेट हरेश्वरकाकांनी दिला, एका कानाने तुटका.
चिंचेने घासला, मग साबणाने, मग ऊन, मग पुन्हा चिंच.
बोटीच्या डागडुजीतला प्लाय तळाला,
त्यावर बोर्ड,
कार्ड नायलॉनच्या दोरीने बांधलं.
गाठ जाळ्याचीच. दुसरी येत नाही मला.
शिल्लक दोनशे, ते एसटीत आणि थर्मल पेस्टमध्ये गेले.

सगळं जोडलं आणि आठवलं:
चालू करायचं बटण कॅबिनेटला असतं.
मिस्त्री हसला. "कुठल्या दोन पिना?"
दाखवल्या.
स्क्रूड्रायव्हरचं टोक दोघींना टेकवलं त्याने,
"लाँचचं इंजिन बिघडलं की असंच उठवतो."
पंखा हलला, थांबला, फिरला.

आता तिसरी रात्र.
मिस्त्री दारात उभा राहून बघतोय.
जुन्या टीव्हीवर डोंगरभर बर्फ,
माझा माणूस त्यातून गुडघाभर चालतोय, हात मोकळे.
"एवढा बर्फ," तो म्हणाला, "उचलतं कोण?"
मी तापमान बघत होतो. अडुसष्ट.
क्रेट गरम झाला की खोलीत
अजून थोडी सुरमई येते.